मोजमापाची खोली

९ जानेवारी

प्राचार्य आज स्वतः घरी आले. बराच वेळ दाराबाहेर उभे होते म्हणे. बेल पुन्हा बिघडलेली दिसते. मागच्याच महिन्यात वायरमनला बोलावलं होतं. त्याने स्क्रू काढले, परत लावले आणि म्हणाला, "काका, बेलला काही झालेलं नाही." काही झालेलं नव्हतं तर स्क्रू कशाला काढलेस बाबा? हल्ली कुणालाच आपलं काम धड करायला नको.

प्राचार्यांचं काम असं. कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, ग्रंथालयाच्या मागे, मानसशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे. शंभर वर्षांपूर्वीची यंत्रं आणि बहुधा शंभर वर्षांपूर्वीचीच धूळ. ती मोडीत काढून तिथे संगणकांची खोली करायची आहे. विभागप्रमुख बाई आडव्या आल्या आहेत. म्हणून जाहीर सभा ठेवली आहे, आणि प्रयोगशाळा जावी या बाजूने मी बोलायचं. "सर, तुमची तोफ एकदा धडाडली की विषय संपला!" हे वाक्य प्राचार्यांनी चांगलं खणखणीत म्हटलं. बाकी सगळा वेळ पुटपुटत होते. प्राचार्य झालेल्या माणसाने असं पुटपुटावं?

त्यांना फक्त जागा हवी आहे हे मला कळत नाही असं नाही. मला ती खोली नको आहे ती वेगळ्या कारणासाठी. आयुष्यभर इतिहास शिकवताना मी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत आलो. माणसाचं शास्त्र कुतूहलातून जन्मलं नाही, दराऱ्यातून जन्मलं. सैन्याला शिपाई हवे होते, म्हणून छात्या मोजल्या. तुरुंगाला सुटलेला कैदी पुन्हा ओळखायचा होता, म्हणून कान मोजले. ज्यांच्यावर राज्य करायचं होतं त्यांची डोकी मोजली, आणि ज्याच्या हातात टेप त्याचंच डोकं मोठं निघालं, दर वेळी! जगात माणसं दोनच प्रकारची, मोजणारी आणि मोजली जाणारी. मी कुणाच्या बाजूचा, हे सांगायची गरज नाही.

संध्याकाळी ही स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. "बरोबर आहे," मी म्हटलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ही बोलते फार, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रत्येक वाक्य ऐकायलाच हवं असं राहत नाही. ही बाहेर आली, क्षणभर माझ्याकडे बघत उभी राहिली आणि परत आत गेली. काय बिनसलं ते कळलं नाही.

१२ जानेवारी

शत्रूचा किल्ला आधी बघून यावा म्हणून तिसरा मजला चढलो. विभागप्रमुख म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "किंतु सर" म्हणत उभी राहायची, म्हणून मीच तिचं नाव किंतु ठेवलं होतं. आता केस पिकले, चष्मा आला, पण खोड तीच. फक्त आवाज पार बसलाय बिचारीचा.

तिने एकेक यंत्र दाखवलं. पितळेचा दोन टोकांचा कंपास, तो कातडीवर टेकवून विचारायचं, एक टोक लागलं की दोन? रंगीत चकत्यांचं चाक. डोकं मोजायचा चिमटा, तो तर मी लांबूनच ओळखला. आणि खिडकीजवळ एक उभी दांडी, तिच्यावर उंचीच्या खुणा, वरखाली सरकणारी पकड, पकडीत हरभऱ्याएवढी धातूची गोळी, खाली लाकडी पाट. कळ दाबली की गोळी पाटावर पडते. समोर उंच हातांची खुर्ची. तिच्यात डोळे मिटून बसलेल्याने आवाज आला की बोट वर करायचं. मग पकड खाली खाली आणत जायची. ज्या उंचीवरून गोळी पडूनही बोट वर होत नाही, तिथे त्या माणसाची हद्द संपली.

"आणि हद्द लवकर संपली त्या माणसाचं तुम्ही काय करायचात?" मी विचारलं.

ती कपाटाकडे तोंड करून काहीतरी बोलली.

"जरा मोठ्याने बोल की!"

ती वळली. "सर, मी मोठ्यानेच बोलतेय."

उद्धटपणा नव्हता तिच्या स्वरात. मग काय होतं?

वेधशाळेच्या गोष्टीवरून जुंपली. ती गोष्ट मी हजार वेळा सांगितली आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका वेधशाळेत मुख्य खगोलज्ञाने आपल्या मदतनिसाला कामावरून काढलं, कारण तारा दुर्बिणीतली उभी तार कधी ओलांडतो ती वेळ तो जरा उशिराची नोंदवायचा. पुढे कुणीतरी इतर खगोलज्ञांना तपासलं तेव्हा कळलं की त्यातल्या कुणाचीच वेळ दुसऱ्याशी जुळत नाही.

"किंतु सर, आमचं शास्त्र तिथेच तर सुरू झालं. त्याची ती चूक नव्हती, फरक होता, हे कळलं तेव्हा."

"कळल्यावर त्याची नोकरी परत दिली का?"

यावर तिने चष्मा काढून पुसला. पाणी पाजलं म्हणायचं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती हरलेल्या माणसाची नव्हती. रस्ताभर तीच नजर डोक्यात घोळत राहिली.

१९ जानेवारी

वाचनमंडळात व्याख्यान. बोललो चांगला. नंतर पुढच्या रांगेतल्या एका तरुणीने काही विचारलं आणि मी सैन्यभरतीवर तुटून पडलो. माझं झाल्यावर तिच्या हातात माइक देण्यात आला आणि ती म्हणाली, "मी वेड्यांच्या इस्पितळाबद्दल विचारलं होतं." लोक हसले. अगं, विचारायचंच तर तोंड उघडून विचारावं! आमच्या वेळी शेवटच्या बाकावरचा पोरगाही भिंती हलतील असं बोलायचा.

घरी आलो तर टीव्हीवरून वाद. मी आवाज वाढवायचा, हिने कमी करायचा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन हिच्याशी काही बोलून गेल्या. मग ही माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांकडे जाऊ या."

मी टीव्ही बंदच केला. "का गं? काय होतंय तुला?"

हिने कपाळावर हात मारला. मग हसायला लागली, मग डोळे पुसले. "जाऊ या की, उद्याच जाऊ या," मी म्हणालो, "तुझ्या तब्येतीपुढे व्याख्यानं काय घेऊन बसलीस?" त्यावर उठून गेली. मला खरंच काही समजत नाही. हिला काही मोठं दुखणं तर नसेल, आणि माझ्यापासून लपवत असेल?

२७ जानेवारी

सभा झाली. मी जिंकलो. असं वाटतं.

सभागृह भरलेलं. आधी किंतु बोलली. सौम्य बोलली असावी, कारण मला फारसं काही पोचलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी कागद बाजूला ठेवला. छात्या, कान, डोकी, सगळं बाहेर काढलं. शेवटी आवेशात म्हणालो, "ते आवाजाचं यंत्र आणा इथे! बसवा मला त्या खुर्चीत! बघू या, एका गोळीने माणूस मोजता येतो का!"

हे भाषणात लिहिलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. लोकांनी उचलून धरलं, चार जण धावत वर गेले आणि यंत्र, खुर्ची सगळं व्यासपीठावर आणलं. किंतु तयार नव्हती. जवळ येऊन माझ्या तोंडासमोर म्हणाली, "सर, नको. असं सगळ्यांसमोर नको." घाबरली, मला वाटलं. मी ऐटीत बसलो आणि डोळे मिटले.

वाट बघत राहिलो. काहीच होईना. मध्ये एकदा अगदी अस्पष्ट टक् असं वाटलं, पण ते खुर्चीचं लाकूडही असेल. बसून बसून मान अवघडली तेव्हा मी डोळे उघडले. किंतु दांडीजवळ उभी होती, पकड पार वरच्या टोकाला. "करा की सुरू!" मी गरजलो. "का यंत्रानेही मान टाकली?"

कुणी हसलं नाही. एवढं भरलेलं सभागृह, आणि चित्रासारखं स्तब्ध. मी उठून म्हणालो, "पाहिलंत? शंभर वर्षं माणसं मोजणारं यंत्र एका माणसापुढे मुकं झालं!" यावर टाळ्यांचा कडकडाट व्हायला हवा होता. लोक हातांकडे बघत बसले. प्राचार्यांनी घाईने आभार मानले आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

टॅक्सीत हिने माझा हात धरून ठेवला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. तरुणपणीसुद्धा चारचौघांत हिने कधी हात धरला नव्हता.

२८ जानेवारी

सकाळपासून लोक भेटतात आणि माझ्याशी गोड वागतात. पेपरवाला, ग्रंथपाल, माझा कट्टर विरोधक असलेला तर्कशास्त्राचा मास्तर. त्याने तर दोन्ही हातांनी हात दाबला आणि एकेक शब्द तोडून, लहान मुलाशी बोलावं तसा बोलला, "सर, काळजी घ्या." जिंकलेल्या माणसाची काळजी कसली? हरलेल्यांनी जळावं, तोंड फिरवावं. यांचं हे काय चाललंय?

६ फेब्रुवारी

वसंत व्याख्यानमालेच्या चिटणिसांचा निरोप. या वर्षी व्याख्यान नको, लेख द्या. गेली कित्येक वर्षं मालेचा समारोप माझ्या भाषणाने होतो! हिने फोन घेतला होता, हिनेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मागोमाग प्राचार्यांचा माणूस येऊन गेला. बैठकीला येण्याची तसदी घेऊ नये, सरांच्या भाषणाचा हवाला देऊनच ठराव मांडला जाईल, सरांनी विश्रांती घ्यावी.

माझं भाषण हवं, मी नको! हा सगळा किंतुचा कावा आहे. त्या दिवशी यंत्र बंद ठेवून तिने माझं हसं केलं आणि आता गावभर काहीबाही सांगत सुटली असणार. उद्या जाऊन जाब विचारतो.

७ फेब्रुवारी

दुपारी गेलो. ती एकटीच यंत्रं पुसत बसली होती. मी दारातूनच तोफ डागली. तिने शांतपणे पुसायचं फडकं ठेवलं, माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, यंत्र बंद नव्हतं."

"खोटं!"

"किंतु सर, तुम्हीच बघा ना. मी बसते. तुम्ही गोळी सोडा."

मी म्हटलं, विभागप्रमुखाने खुर्चीत बसायचं आणि मी नोकरासारखी कळ दाबायची? ती हसली. म्हणाली, सुरुवातीच्या प्रयोगशाळांत असंच होतं. खुर्चीत बसायचा तो मोठा विद्वान. काय जाणवलं ते नेमकं सांगणं हीच विद्या समजत, आणि कळ दाबणं हाताखालच्याचं काम. पुष्कळदा आळीपाळीने बसायचे. सकाळी तू मला, दुपारी मी तुला. मोजणारा मोठा आणि मोजला जाणारा लहान, हे पुढे झालं.

मी एवढं वाचलं, हे कसं निसटलं? माझी दोन प्रकारची माणसं डोक्यात एकमेकांच्या जागी जाऊन बसायला लागली. पण वाद घालायच्या आधी यंत्र बघायचं होतं.

ती खुर्चीत बसली, डोळे मिटले. मी पकड मधल्या खुणेवर आणून कळ दाबली. गोळी पडली, पाटावर उसळली, घरंगळली. आवाज नाही. किंतुचं बोट वर. मला वाटलं, पापण्यांच्या फटीतून बघतेय. खिशातला रुमाल काढून तिचे डोळे बांधले, तिने बांधू दिले. पुन्हा गोळी. पुन्हा आवाज नाही, पुन्हा बोट वर. मग पकड खाली आणली, अगदी टीचभर उंचीवर. गोळी पडली न पडली, तरी बोट वर!

आता मी तिलाच फसवायचं ठरवलं. मी कळ दाबल्याचं नाटक केलं, गोळी सोडलीच नाही. बोट खाली. मी पाटाला हात लावून बघितला. लाकूडच होतं. मग मी पकड वर सरकवत गेलो. एकेक खूण वर, एकेक गोळी, दर वेळी तिचं बोट वर. दांडीच्या अगदी टोकाला गेल्यावर, मी कान पाटाशी नेला तेव्हा, कुठूनतरी लांबून, दुसऱ्याच घरात पडावा तसा एक टक् आला.

तोच. सभेत ऐकलेला.

किंतुने रुमाल सोडला नव्हता. डोळे बांधलेलेच ठेवून म्हणाली, "सर?" म्हणाली असावी. ओठ तसे हलले.

मी जिना उतरलो. कॉलेजच्या पायऱ्यांवर किती वेळ बसून होतो देव जाणे. पोरं येत होती, जात होती, तोंडं हलत होती. हे असं कधीपासून चाललंय?

घरी येऊन हिला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं की. दोन-तीनदा सांगितलं. तुम्ही दर वेळी 'बरोबर आहे' म्हणालात."

मी हिच्याकडे बघतच राहिलो. हीही माझ्याकडे. आणि मग हिला असं हसू फुटलं की पदराचा बोळा तोंडात धरावा लागला. मला मात्र हसू आलं नाही. मी स्वतःलाच विचारत होतो, या दिवसांत मी आणखी कशाकशाला बरोबर आहे म्हणालो असेन?

१० फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. वक्त्याचे कान गेले तर त्याचं काय उरतं? बोलायला कान लागत नाहीत, हे खरं. पण मग ते बोलणं कुणाशी?

१८ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचेच्या एका लहानशा कोठडीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. हे आमच्या गोळीचंच नातवंड! बाहेर एक मुलगी कागदावर रेघ काढत होती. ती रेघ म्हणजे मी.

डॉक्टर बाई मोकळ्या मनाच्या. कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "तुम्ही इथे येता. मध्यम ते तीव्र."

संताप आला. झाला मीही एका रकान्यात! ज्याविरुद्ध जन्मभर ओरडलो ते अगदी असंच असतं, आणि ते मला आजच खऱ्या अर्थाने समजलं. म्हणजे माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण ही रेघ काढली नसती तर मी आणखी वर्षभर साऱ्या जगाला पुटपुटतं म्हणत फिरलो असतो. म्हणजे किंतुचंही खोटं नव्हतं. मग खरं काय? दोन्ही खरं असेल तर मी भाषणात हात कुठे उगारायचा?

कानाचं यंत्र दहा-बारा दिवसांनी मिळणार. ही म्हणाली, "तोवर काहीही बरोबर आहे म्हणायचं नाही. शपथ."

२५ फेब्रुवारी

ठराव बारगळला. कसा ते नीट लिहून ठेवतो, कारण माझं मलाच अजून उलगडलेलं नाही.

बैठकीचं बोलावणं नव्हतंच. ही म्हणाली, "तुमच्या नावाने खोली मोडणार आणि तुम्ही घरात बसणार?" दोघं गेलो, मागच्या रांगेत बसलो. प्राचार्यांनी ठराव वाचला. मला ऐकू आला नाही, हिने कागदावर लिहून दाखवला. "सरांनी आपल्या तडाखेबंद भाषणात सिद्ध केल्याप्रमाणे", अशी सुरुवात. मी उठलो.

"मी काहीही सिद्ध केलेलं नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी यंत्र मुकं झालं नव्हतं. गोळी पडत होती. तुम्ही सगळे ऐकत होता. ऐकत नव्हतो तो मी." हे बोलताना मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. हजारो भाषणं केली, आधार कधी लागला नव्हता. "डोकी मोजणारा चिमटा मी विसरलेलो नाही. त्याने काय केलं ते मरेपर्यंत सांगत राहीन. पण त्याच खोलीत दुसरंही काही आहे, आणि ते काय आहे याचा मला अजून थांग लागलेला नाही."

प्राचार्य व्यासपीठावरून काहीतरी म्हणाले. त्यांचे ओठ हलले, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जिभेवर आलेलं 'बरोबर आहे' मी दातांत धरलं.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "पुन्हा विचारा."

त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही आलं. पुन्हा."

किंतु पुढच्या रांगेतून उठून माझ्याकडे यायला लागली. मी हात करून तिला थांबवलं. प्रश्न ज्याचा त्यानेच तो आणून द्यावा. प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग पायऱ्या उतरले, सगळं सभागृह ओलांडून माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"सर, खोली ठेवायची की काढायची? एक काय ते सांगा."

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "मला कळेनासं झालंय. तुम्हाला काढायची तर स्वतःच्या तोंडाने सांगून काढा. माझ्या भाषणाच्या आडून नको."

त्यांनी कागद उघडला, माझं नाव असलेली वाक्यं खोडत गेले, आणि खोडून झाल्यावर तो कागद बराच वेळ तसाच बघत राहिले, कारण त्यावर तारखेखेरीज फारसं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी काहीतरी बोललं. तर्कशास्त्राचा मास्तरच असणार, त्याचे खांदे हलत होते. बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. प्राचार्य हसले, किंतुसुद्धा चष्मा काढून हसली. मला त्यातलं काही कळेना. पूर्वी मी अशा वेळी सगळ्यांबरोबर हसून घ्यायचो. किती विनोदांना मी असा फुकटचा हसलो असेन!

"थांबा!" मी ओरडलो. "आधी मला सांगा, मग हसा!"

हसू एकदम थांबलं. ही शेजारून उठली, पदर खोचला, माझ्याकडे तोंड केलं आणि सगळ्या कॉलेजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, ते म्हणतायत, सरांना काहीतरी कळत नाही असं सर स्वतः म्हणाले, याची इतिवृत्तात नोंद घ्या!"

सगळ्यांचं हसून झालं होतं. लोक वाट बघत बसले होते. मग मी हसलो. एकटाच, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि माझं पुरतं हसून होईस्तोवर कुणी जागचं हललं नाही.